चाकाला शिवलेलं कातडं

मित्रांनो, आधी नाक मुरडून घ्या, म्हणजे मग निवांत बोलता येईल. मी एक जुनं कातडं आहे, शेळीचं. काळपट, तेलकट, दोन ठिकाणी फाटलेलं आणि कडेला शिवणीची भोकं असलेलं. सध्या माझा मुक्काम शिरड शहापूरला, शिवहारच्या पान्यांच्या पेटीत अगदी तळाशी आहे. दोन पाने, एक पक्कड आणि गंजलेले चार नट एवढाच माझा शेजार. तुम्ही म्हणाल, शेळीच्या कातड्याचं पान्यांच्या पेटीत काय काम? तेच तर सांगायचं आहे. मी तीन जन्म पाहिले. पहिल्यात चार पायांवर चालले, दुसऱ्यात माणसाच्या खांद्याला लटकून हिंडले आणि तिसऱ्यात मोटारीच्या चाकाशी गरागरा फिरले. हा तिसरा जन्म जेमतेम दोन दिवसांचा होता, पण मला आठवण येते ती त्याचीच.

पहिल्या जन्मात मी बांडी होते. अंगावर पांढरे-काळे पट्टे, म्हणून बांडी. जन्मले तेव्हा आमचं गाव परभणी जिल्ह्यात होतं, पुढे ते हिंगोली जिल्ह्यात गेलं. गाव मात्र तसूभरही हललं नाही. माझा धनी नामाजी, मेंढपाळ. त्याच्या कळपात साठ मेंढरं होती आणि आम्ही तीन शेळ्या. मेंढरू पुढच्याच्या शेपटीमागे जातं, मग पुढचा हिरवळीत जावो की विहिरीत. म्हणून शहाणा मेंढपाळ कळपापुढे शेळी ठेवतो. ती पुढची शेळी मी. नामाजीने जिभेने टाळूवर एक विशिष्ट आवाज काढला की मी वळायचे आणि माझ्यामागे साठ जणी वळायच्या. थोडा ताठा होता मला त्याचा, खोटं कशाला बोलू?

म्हातारी होऊन मी एका दुपारी लिंबाखाली बसले ती उठलेच नाही. नामाजीने मला पुरलं नाही आणि विकलंही नाही. कातडं काढून तो सोनाजीकडे घेऊन गेला. सोनाजी चामडं कमावण्यात पंचक्रोशीत एक नंबर. त्याने मला बाभळीच्या सालीच्या पाण्यात कितीतरी दिवस भिजवलं, घासलं, चोळलं, ताणलं आणि शेवटी माझी गळा असलेली छान पिशवी शिवून दिली. "नामाजी, हिला कोरडी ठिवू नको," तो म्हणाला, "तेल पाजत राह्य. तुझ्या पोरापरीस जास्त टिकंल."

तेव्हापासून नामाजीने माझ्यात करडईचं तेल भरलं. मेंढराच्या खुरात काटा मोडला, कुणाच्या पाठीला जखम झाली, की माझ्यातलं तेल हळदीत कालवून लावायचं. त्याचा एक नियम होता. पिशवी कायम गच्च भरलेली हवी. रिकाम्या कातड्याला घडी पडते आणि घडीवरच ते तडकतं, असं तो सगळ्यांना सांगायचा. हा नियम लक्षात ठेवा, पुढे याच नियमाने आम्हाला उकिरड्यात घातलं.

मग दोन हजार दोन सालच्या उन्हाळ्यात नामाजी ओढ्याच्या दरडीवरून घसरून पडला आणि मांडीचं हाड मोडलं. दोन महिने तो नांदेडच्या दवाखान्यात होता. मी त्याच्या उशाखाली होते. इकडे गावात मेंढरांमागे जायला कुणी नव्हतं. त्याचा मुलगा शिवहार गुरांच्या दवाखान्यात नोकरीला लागलेला, बायको सिंधूबाई नवऱ्याच्या उशाशी. चाऱ्यावाचून मेंढरं खंगायला लागली. शेवटी शिवहारने कळप कनेरगाव नाक्याजवळच्या वाडीतल्या बेबीबाईला विकला. बेबीबाई म्हणजे नामाजीची चुलत बहीण, मेंढरांची जाणकार. त्याच पैशांतून शिवहारने एक जुनी पांढरी मोटार घेतली. बापाला दवाखान्यात न्यायला-आणायला ती लागणारच होती. हिशेबाने पाहिलं तर पोराचं काही चुकलं नव्हतं. त्याने एकच गोष्ट केली नाही. बापाला विचारलं नाही. विचारलं तर नाही म्हणतील, या भीतीने तो गप्प राहिला.

नामाजी काठी टेकत घरी आला तेव्हा वाडग्यात लेंड्यासुद्धा शिल्लक नव्हत्या, आणि वाडग्याच्या जागेवर मोटार उभी होती. तो सरळ ओट्याकडे गेला. ओट्यावर बसला, आणि गाडीकडे पाठ करून बसला. त्या दिवसापासून आठ महिने त्याची पाठ तशीच राहिली. दर महिन्याला नांदेडला तपासणीला जायचं तर हा एस.टी.ने जायचा. शिवहार बापाची चिंता वाटून मोटार घेऊन एस.टी.च्या मागे मागे जायचा. पुढे धक्के खात उभा नामाजी आणि मागे रिकामी मोटार, अशी ती वरात साऱ्या रस्त्याने पाहिली आहे. लोक हसायचे. मला मात्र रडू यायचं, पण कातड्याला डोळे कुठून येणार?

शिवहारला गाडी दुरुस्तीचं वेड नव्हतं, पण गॅरेज लांब होतं. मग तो घरीच शिकला. वसमतच्या एका मिस्त्रीजवळ चार रविवार बसून त्याने सगळं नीट पाहून घेतलं. खड्ड्यात गाडी आदळली की पुढून खडखड यायची, तर त्याने चाकामागच्या लोखंडी दांडीची रबरं स्वतः बदलली. मागचे शॉकअप बदलले. एखादा नट हाताने सुटला की तो स्वतःशीच हसायचा. जनावराच्या पायातला काटा निघाल्यावर नामाजी असाच हसायचा. पण बापाची पाठ होती, त्याला ते कसं दिसणार?

एकदा गाडी वळताना पुढच्या डाव्या चाकातून आवाज यायला लागला. कट, कट, कट. पहिल्यांदा तो ओळखला नामाजीनेच. पाठ होती, कान थोडेच बंद होते! सिंधूबाईला तो हळूच म्हणाला, "डाव्या पुढच्या पायानं लंगडून राहिली ती." सिंधूबाईने ते शिवहारला सांगितलं. शिवहारने खाली वाकून पाहिलं तर बूट फाटलेला. मित्रांनो, पायात घालायचा बूट नव्हे. इंजिनाकडून चाकाकडे एक लोखंडी दांडा जातो. चाक वळलं की त्यालाही वळावं लागतं, म्हणून टोकाला सांधा असतो. त्या सांध्यावर घड्याघड्यांची रबरी पिशवी असते, आत ग्रीस भरलेलं. तिला बूट म्हणतात. ती फाटली की ग्रीस बाहेर उडतं, धूळ आत शिरते आणि सांधा स्वतःलाच खातो. शिवहारने नांदेडच्या दुकानात फोन केला. नवा बूट सोमवारी एस.टी.च्या कंडक्टरबरोबर पाठवतो, असं उत्तर आलं.

आणि शनिवारी सकाळी बेबीबाईचा निरोप आला. तिच्या शेजारच्या वाडीत चार दिवसांत वीस मेंढरं पोट फुगून, पाय झाडून मेली होती. आंत्रविषार, आतड्यात विष भिनण्याचा रोग. शिवहारच्या दवाखान्यात लस होती. डॉक्टरांना विचारून त्याने बर्फाच्या डब्यात कुप्या घेतल्या. बर्फ संध्याकाळपर्यंत टिकणार. वाडी नाक्यापासूनही पुढे आडरानात, तिथे एस.टी. जात नव्हती. फाटक्या बुटाने एवढ्या लांब निघायचं तर वाटेत सांधा निखळला की गाडी जाग्यावर बसणार आणि लस नासणार. बेबीबाईची मेंढरं म्हणजे कुणाची मेंढरं, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

शिवहारने जॅक लावला, चाक काढलं आणि फाटक्या बुटाला ट्यूबचं रबर गुंडाळून पाहावं म्हणून खांद्यापर्यंत आत शिरला. घाईत एक गोष्ट विसरला. आमच्याकडची जमीन काळी. वरून कडक दिसते, पण आदल्या दिवशी सिंधूबाईने तिथेच भांडी विसळली होती. जॅक हळूहळू मातीत रुतायला लागला, आणि रुतता रुतता कलायला लागला. शिवहारला दिसलं नाही. नामाजीची तर पाठच होती, त्यालाही दिसलं नाही. पण त्याने ऐकलं. लोखंड कुरकुरलं.

काठी बाजूला पडली. मोडलेल्या मांडीचा तो माणूस ओट्यावरून कसा उतरला, मला आजही सांगता येणार नाही. मी त्याच्या खांद्यालाच होते. चुलीसाठी आणलेला बाभळीचा जाड ओंडका पडला होता, तो त्याने पायाने लोटत लोटत गाडीखाली सारला आणि ओरडला, "निघ! निघ भायेर!" शिवहारने अंग ओढलं आणि जॅक लवंडला. गाडी धाडकन ओंडक्यावर बसली. ओंडका नसता तर ती शिवहारच्या खांद्यावर बसली असती.

शिवहार अंगावरची माती झटकत उठला. मग आठ महिन्यांचं तुंबलेलं सगळं एकदम फुटलं.

"काळ्या रानात जॅकखाली फळी घालतेत, येवडं बी कळत न्हाई?" नामाजी कडाडला. "निस्ता जॅकवर भरवसा ठिवून खाली घुसून राहिला!"

"बा, घाई व्हती. तुमचीच मेंढरं हायत ती."

"माझी? माझी काहून? डाक्टरला इचारून लस आणतोस. कळप इकताना बापाला इचारलंस का?"

शिवहारने वाकून लवंडलेला जॅक उचलला. सिंधूबाई दारात पदर तोंडाशी धरून उभी होती. नामाजी चाकाच्या जागेकडे पाहत होता. आठ महिन्यांत पहिल्यांदा तो गाडीकडे तोंड करून उभा होता. मग त्याने वाकून फाटलेल्या बुटात बोट घातलं, आतलं ग्रीस चिमटीत घेऊन चोळलं, आणि खरखर लागली तसा चुकचुकला.

"रबर कवा येनार?"

"सोमवारी."

नामाजीने मला खांद्यावरून काढलं. तेल सिंधूबाईच्या तांब्यात ओतलं. मला उलटंपालटं करून पाहिलं. माझा गळा त्या लोखंडी दांड्याएवढा होता आणि माझं पोट सांध्याएवढं. चार वर्षं तेल पिऊन मी लोण्यासारखी मऊ झाले होते. त्याने खिशातून चाकू काढला. हात थोडा थांबला. मला वाटलं, आता म्हणेल नको. पण त्याने मला गळ्यापासून तळापर्यंत उभं चिरलं.

दुखलं का, विचारू नका. दुखलं. पण मित्रांनो, उशाखाली पडून राहण्यापेक्षा मला ते बरं वाटलं.

शिवहारने आता जॅकखाली रुंद फळी घातली, ओंडका तसाच ठेवला, फाटका बूट कापून काढला, सांधा रॉकेलने धुतला आणि पुसून कोरडा केला. नामाजी जमिनीवर मांडी वाकडी करून बसला आणि दांड्याभोवती मला गुंडाळून आरीने भोकं पाडत, मेण लावलेल्या दोऱ्याने शिवायला लागला. त्यासाठी दांडा उतरवायची गरज नव्हती. रबरी बूट घालायचा तर सगळं खोलावं लागलं असतं. आणि मग त्याने आपला नियम काढला. डब्यातलं सगळं काळं ग्रीस माझ्यात ठासून भरलं, मला ढोलकीसारखं ताणलं आणि दोन्ही टोकांना तार आवळली. शिवहारला माहीत होतं की बूट अर्धा रिकामा आणि ढिला असावा लागतो. पण तो बोलला नाही. इतक्या दिवसांनी बाप त्याच्या गाडीला हात लावत होता. त्या हाताला हे चुकलं, ते चुकलं, असं म्हणायला त्याची जीभ उचलेना.

चाक बसवलं, गाडी खाली उतरवली. शिवहार एकटाच बसला आणि गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत नेऊन वळवली. वळताच मी एका बाजूने ताणले गेले, शिवण टरकली आणि माझ्यातलं ग्रीस पिचकारीसारखं उडून ब्रेकच्या चकतीवर बसलं. शिवहारने ब्रेक दाबला तर गाडी उजवीकडे ओढली गेली आणि थेट शेजाऱ्यांच्या उकिरड्यात घुसली. कोंबड्या चारी दिशांना पळाल्या. शिवहार बाहेर आला तेव्हा त्याच्या गुडघ्यापर्यंत शेण होतं.

नामाजी काठी टेकत तिथवर आला. खाली वाकून मला पाहिलं. "चूक माझी हाय," तो म्हणाला. हे वाक्य त्याच्या तोंडून मी तिन्ही जन्मांत पहिल्यांदा ऐकलं.

"मला म्हाईत व्हतं, बा," शिवहार म्हणाला.

"म्हाईत व्हतं? मंग बोलला काहून न्हाईस?"

"तुमी उठून गेला असता."

नामाजी त्याच्याकडे पाहत राहिला. "हाच तुझा रोग हाय बघ. बाप उठून जाईल म्हून तू बोलत न्हाईस. आन् तू बोलत न्हाईस म्हून बाप उठून जातो."

तेवढ्यात सिंधूबाई आली. तिने दोघांनाही बाजूला सारलं आणि मला चिमटीत धरून ताणून पाहिलं. "दोघं बी येडेच हाव तुमी," ती म्हणाली. "चोळीला काखंत चुणी न्हाई घातली तं हात वर व्हईल का? ह्या चाकाला बी हात वर करायचा असतो. चुण्या घाला, ढिलं शिवा, आन् तेवढं गच्च भरू नका. पोट फुटंस्तोर जेवलं की मानूस बी वळत न्हाई."

दुसऱ्यांदा शिवलं तेव्हा तिघं होते. शिवहारने चाक जेवढं वळतं तेवढं दोन्हीकडे वळवून धरलं, सिंधूबाईने माझ्या चुण्या बोटांनी पकडल्या आणि नामाजीने टाका घातला. फाटलेल्या जागी माझ्याच तळाचा उरलेला तुकडा लावला. ग्रीस निम्म्यानेच भरलं. लोहाराचा भाता असतो ना, तशी मी दिसायला लागले. शिवहारने ब्रेकची चकती पेट्रोलने तीनदा पुसली, आतली पॅडं काढून काचकागदावर घासली आणि गल्लीतून गाडी चार वेळा हळूहळू फिरवून ब्रेक दाबून पाहिले. गाडी सरळ थांबली. कटकट होतीच, पण कमी.

दुपारचे दोन वाजले होते. शिवहारने बर्फाचा डबा मागच्या सीटवर ठेवला. दार लावून घेणार, तोच नामाजी पुढचं दार उघडून आत बसला. सिंधूबाईने डोळे मोठे केले. शिवहार चावी हातात धरून तसाच उभा राहिला.

"काय बघून राहिला?" नामाजी समोर पाहत म्हणाला. "मी तुझ्या गाडीत न्हाई बसलो. माझी बांडी चालली, मी तिच्यासंगं चाललो. शिवण उसवली तं कोन बघनार?"

असं आम्ही निघालो. मित्रांनो, ती वाट मी विसरू शकत नाही. पोटात सांधा फिरतोय, अंगाला गरम ग्रीस चिकटतंय, खालून खडे येऊन आदळतायत. खड्डा आला की माझ्या चुण्या मिटायच्या, गाडी उचलली की उघडायच्या. औंढ्याजवळ नामाजी म्हणाला, "थांबिव." शिवहारने थांबवली. म्हाताऱ्याने उतरून काठी गाडीला टेकवली, चाकाच्या मागे हात घालून माझा टाका न् टाका बोटांनी चाचपला, शिशीतलं थोडं करडईचं तेल वरून चोळलं आणि परत येऊन बसला. हिंगोलीच्या अलीकडे पुन्हा तसंच. नंतर तर शिवहार स्वतःच विचारायला लागला, "बा, थांबू का?" आणि नामाजी कान लावून म्हणायचा, "चालू दे, बराबर चालून राहिली." तो "थांबू का" मला सांध्याच्या आवाजातूनही ऐकू यायचा. आठ महिन्यांत त्या दोघांत एवढं बोलणं झालं नव्हतं.

बेबीबाईच्या वाडीवर पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. तिने मेंढरं रानात न सोडता वाडग्यातच कोंडून ठेवली होती. बर्फ अजून होता. नामाजी वाडग्याच्या दाराच्या झापाशी उभा राहिला आणि त्याने टाळूवर तो जुना आवाज काढला. मी चाकाजवळून ऐकला आणि माझं सगळं अंग ताठ झालं. पण मेंढरांनी फक्त एकदा माना वर केल्या आणि पुन्हा रवंथ करायला लागली. एकही वळलं नाही. आठ महिने फार नसतात, पण मेंढराला पुष्कळ असतात.

नामाजीचा चेहरा उतरला. बेबीबाई जवळ आली. "नामाजीदादा, मी नीट ठिवली न्हाईत का तुझी मेंढरं?"

त्याने एका मेंढीच्या पाठीवर हात फिरवला. पाठ भरलेली होती, लोकर दाट. "माझ्यापरीस नीट ठिवलीस, बाय," तो म्हणाला. त्याला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं, दोन्ही एकदमच. मग त्याने बाह्या सारल्या. एकेक मेंढरू तो पायात धरायचा, बेबीबाई मान धरायची आणि शिवहार लस टोचायचा. सूर्य बुडायच्या आत साठही झाली. पुढच्या पंधरवड्यात त्या भागात आणखी दोन वाड्यांवर रोग गेला. बेबीबाईचं एकही मेंढरू गेलं नाही.

रविवारी आम्ही परत आलो आणि सोमवारी दुपारी कंडक्टरने रबरी बूट आणून दिला. काळा, चकचकीत, घड्या कशा फूटपट्टीने पाडल्यासारख्या. शिवहारने फळी मांडली, जॅक लावला, ओंडका सारला, चाक काढलं. सगळं नीट, क्रमाने. मग तो पक्कड घेऊन माझ्याजवळ आला, माझ्या गळ्याची तार चिमटीत धरली आणि थांबला.

नामाजी ओट्यावर बसला होता, गाडीकडे तोंड करून.

"बा," शिवहार म्हणाला. "ह्ये कातडं तुमचं हाय. काढू का?"

नामाजी माझ्याकडे पाहत होता. मला वाटतं, त्याच्यापुढे त्या वेळी मी नव्हतेच. साठ मेंढरं होती, रिकामं वाडगं होतं, दवाखान्यातली खाट होती, आणि कुणीतरी कधीच न विचारलेला एक प्रश्न होता. त्याने धोतराच्या सोग्याने डोळे पुसले आणि ते लपवलंही नाही.

"काढ," तो म्हणाला. "तिचं काम झालं."

त्याच महिन्यात तो नांदेडला तपासणीला गेला तो मोटारीतून, पुढच्या सीटवर बसून. त्या वेळी चाकाशी बांडी नव्हती आणि कुणी काही निमित्तही सांगितलं नाही.

मी मात्र पेटीत आले. दोन ठिकाणी फाटलेल्या कातड्यात पुन्हा तेल राहत नाही. पहिली काही वर्षं नामाजी मला काढून पाहायचा, थोडं तेल चोळायचा. मग तो दर रविवारी जमिनीवर आडवा होऊन नव्या बुटाच्या घड्या बोटांनी चाचपायला लागला, खुरं तपासावीत तशा. गावातले लोक आपल्या जीपा दाखवायला आणायचे आणि तो नुसत्या आवाजावरून चाक सांगायचा. आता त्याला वाकता येत नाही. मला तेल लागून तीन वर्षं झाली आणि मी कडक होत चालले आहे. उंदराने एक कोपरा खाल्ला. कधीतरी शिवहार पेटी साफ करील आणि मला फेकून देईल.

मला त्याचं दुःख नाही. मित्रांनो, तुमच्या घरात गाडी असेल तर कधीतरी तिच्या खाली डोकावून पाहा. रबराला चीर पडली असेल तर ती लहान असतानाच बघा, आणि खाली जाण्याआधी जॅकखाली फळी आणि गाडीखाली ओंडका घाला, एवढं माझं ऐका. बाकी जुनं ते कधीतरी काढावंच लागतं. कळप जातो, कातडं जातं, रबरसुद्धा जातं. फक्त काढण्याआधी ते ज्याचं आहे त्याला एकदा विचारा. तो नाही म्हणेल या भीतीने गप्प राहू नका. उत्तर बहुतेक वेळा "काढ" असंच येतं.